चार नंबरच्या खाटेवरचे आण्णा

शहाजीराव पिसाळांना हॉस्पिटलात जाऊन भांडायचं काम मिळालं, तेव्हा मुक्ताताई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "मिळालं म्हणजे? आजवर कुणी अडवलं होतं?"

शहाजीरावांनी या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलं. संसारात काही प्रश्न उत्तरासाठी विचारलेले नसतात, हे त्यांना विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर चांगलंच उमगलं होतं. शिवाय हे काम त्यांच्याकडे मानाने चालून आलं होतं. त्यांच्याच सोसायटीत, बी विंगमध्ये राहणाऱ्या राजेश्वरी मॅडम हॉस्पिटलांमधल्या लोकांना बोलायचं कसं ते शिकवत. सोसायटीच्या वार्षिक सभेत शहाजीरावांनी लिफ्टमधल्या बंद पंख्यावर केलेलं भाषण त्यांनी ऐकलं होतं. त्या भाषणाच्या मध्यावर चेअरमन पाणी प्यायला म्हणून उठले होते, ते परत आलेच नव्हते.

"काका," मॅडम म्हणाल्या होत्या, "कॅज्युअल्टीच्या स्टाफचं ट्रेनिंग चाललंय माझं. घाबरलेल्या, चिडलेल्या नातेवाइकांशी कसं बोलायचं याचं. डॉक्टर लोक एकमेकांवर सराव करतात, पण ते फार समजूतदारपणे वागतात. मला समजूतदार नसलेला माणूस हवाय."

शहाजीरावांनी हे वाक्य मनात उलटंपालटं करून पाहिलं. कुठूनही धरलं तरी ते टोचत होतं. पण राजेश्वरी मॅडमच्या चेहऱ्यावर एवढा आदर होता, की त्यांनी टोचणी गिळली आणि होकार दिला.

काम असं होतं. नेरुळच्या त्या हॉस्पिटलात चार नंबरच्या खाटेवर सरावाचा रबरी पुतळा झोपवलेला असणार. पडदा ओढलेला. शहाजीराव त्याचे धाकटे भाऊ. थोरल्याच्या छातीत दुखू लागलं म्हणून ॲम्ब्युलन्समधून आणलंय, आत उपचार चाललेत, आणि बाहेर कुणी काही सांगत नाही. शहाजीरावांनी आवाज चढवायचा, ऐकून घ्यायचं नाही, आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी त्यांना शांत करून खरी परिस्थिती समजावायची.

"डॉक्टर अबोली असेल," मॅडमनी सांगितलं. "हाताला फार चांगली आहे, पण बोलते कॉम्प्युटरशी. माणूस समोर रडतोय आणि ही स्क्रीनकडे बघून सांगते. तक्रारी झाल्यात. या वेळी जमलं नाही तर तिला कॅज्युअल्टीतून काढून हेल्थ चेकअपला बसवणार आहेत. म्हणून तुम्ही दया दाखवू नका, तिचंच नुकसान होईल. आणि एकच नियम. काहीही झालं तरी भूमिका सोडायची नाही. मी हात वर केला, तरच थांबायचं."

भूमिका हा शब्द ऐकल्यापासून शहाजीरावांच्या पायाला भिंगरी लागली. ते हॉलमधून बाल्कनीत, बाल्कनीतून स्वयंपाकघरात फिरू लागले. थोरला भाऊ किती थोरला? व्यसन होतं का? आपलं आणि त्याचं पटतं का? त्यांनी हे सगळे प्रश्न मॅडमना फोन करून विचारले. पहिल्या फोनला मॅडमनी उत्तरं दिली, दुसऱ्याला म्हणाल्या, "काका, एवढं लागत नाही हो," आणि तिसरा उचलला नाही.

बातमी लपून राहणं शक्य नव्हतं, कारण ती शहाजीरावच सांगत होते. शेजारचे प्रीतम म्हात्रे लगेच सल्ला घेऊन आले. ज्या जमिनीवर सोसायटी उभी होती तिथे एके काळी म्हात्र्यांची भातशेती होती, आणि पार्किंगचा वाद निघाला की प्रीतम ही गोष्ट न विसरता सांगत.

"काका, तुमी डायरेक डॉक्टरवर जाव नका," प्रीतम सोफ्यावर बसत म्हणाले. "तो चुकीचा हाय. पयला सिक्युरिटीवाल्याशी भांडाचा. मंग काउंटरवरच्या पोरीशी. डॉक्टरपरीन पोचला का आवाज असा तापलेला पायजे. माझे आजीचे टायमाला आमी असाच केलेला."

"मग काय झालं?"

"काय नाय. आजी बरी होती. आमीच चुकीचे हॉस्पिटलान गेल्तो."

तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, आवाज घशातून नको, बेंबीपासून आला पाहिजे. मुक्ताताई म्हणाल्या, चष्मा घरी ठेवून जा, मारामारी झाली तर नवा करायला लागेल.

बेंबीपासून आवाज काढण्याचा सराव शहाजीरावांनी बाथरूममध्ये केला. "माझ्या भावाला काय झालंय ते सांगा, नाहीतर मी इथून हलणार नाही" हे वाक्य डक्टमधून सातही मजल्यांवर पोचलं. संध्याकाळी लिफ्टमध्ये दोन बायकांनी मुक्ताताईंचा हात हातात घेतला आणि काही न बोलता दाबला. त्यातली एक दुसऱ्या दिवशी डब्यातून खिचडी घेऊन आली. मुक्ताताईंनी खिचडी ठेवून घेतली. खुलासा करत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

ठरलेल्या दुपारी शहाजीराव वेळेच्या बरेच आधी हॉस्पिटलात पोचले. मॅडम अजून वर मॅनेजमेंटच्या खोलीत होत्या. कॅज्युअल्टीबाहेर खुर्च्यांवर चार-दोन माणसं. एक हमाल बोटाला फडकं गुंडाळून बसला होता, त्याच्याबरोबर एक धिप्पाड, मिशीवाला तरुण. शहाजीराव बसले, उठले, पाणी प्यायले, पुन्हा बसले. आतला आवाज तापत होता आणि तो थंड होण्याआधी वापरायला हवा होता. शेवटी ते उठले आणि प्रीतमचा सल्ला मानून दारावरच्या सिक्युरिटीवाल्यापासून सुरुवात केली.

सिक्युरिटीवाला त्याच दिवशी नव्याने लागला होता. त्याला ट्रेनिंगबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं. तो नुसता बाजूला झाला. शहाजीरावांचा थोडा विरस झाला. ते काउंटरवर गेले.

"पेशंटचं नाव?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

इतके दिवस विचार करून शहाजीरावांनी भावाचं वय ठरवलं होतं, रक्तदाब ठरवला होता, त्याला मटणाची आवडही दिली होती. नाव ठेवायचं राहून गेलं होतं. मुलगी वाट बघत होती. तोंडातून जे यायचं तेच आलं.

"बाबासो पिसाळ," ते म्हणाले. "माझे थोरले भाऊ. आण्णा."

बाबासो पिसाळ हे त्यांच्या खऱ्या थोरल्या भावाचं नाव. सातारा जिल्ह्यातल्या गावी ते खुशाल होते. दोघांचं भांडण वगैरे काही नव्हतं. शहाजीराव शहरात आले, जत्रेला जायचं एका वर्षी राहिलं, मग दुसऱ्या वर्षी राहिलं, आणि आता दिवाळीचा एक फोन तेवढा उरला होता. त्यातही पावसाबद्दल बोलून होई आणि मग दोघेही "बरं, ठेवू का" म्हणत.

नाव उच्चारलं आणि शहाजीराव काउंटरवर पुढे वाकले. आवाज बेंबीपासून आला, आणि आणायला लागला नाही.

"माझ्या भावाला काय झालंय ते सांगा."

एवढ्यात मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. तो मिशीवाला तरुण होता.

"बाबासो आण्णा?" तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "आमचं आण्णा? काय झालं आण्णास्नी?"

शहाजीराव क्षणभर गोंधळले आणि मग त्यांना उलगडा झाला. राजेश्वरी मॅडमनी आणखी एक नट आणला होता. आपल्याला न सांगता. त्याने काउंटरवरचं नाव ऐकलं आणि लगेच पकडलं. चलाख होता, पण ही काही पद्धत नव्हे. नातेवाईक म्हणून मुख्य भूमिका आपली आहे.

"छातीत," ते तुटकपणे म्हणाले आणि त्याच्याकडे पाठ केली.

"आई गं," तरुण मटकन खुर्चीत बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शहाजीरावांनी तिरक्या नजरेने पाहिलं आणि त्यांना मत्सर वाटला. इतक्या पटकन डोळ्यांत पाणी त्यांना आलं नसतं. तरुणाने खिशातून फोन काढला आणि तो बाहेर गेला.

तोवर राजेश्वरी मॅडम खाली आल्या आणि भिंतीपाशी उभ्या राहिल्या. डॉक्टर अबोली बाहेर आली. लहानखुरी, गळ्यात स्टेथोस्कोप, केस घाईने बांधलेले. शहाजीरावांना तिने ओळखलं, कारण हे सरावाचे नातेवाईक असं तिला सांगितलेलं होतं, आणि तरीही ती घाबरली होती. ती आली ती थेट काउंटरच्या स्क्रीनसमोर उभी राहिली.

"पेशंट क्रिटिकल आहे," ती स्क्रीनला म्हणाली. "ईसीजीमध्ये चेंजेस आहेत. वी आर ट्रायिंग अवर बेस्ट."

"माझ्याकडे बघून बोला," शहाजीराव म्हणाले. हे वाक्य ठरवलेलं नव्हतं. ते आपोआप आलं.

अबोलीने त्यांच्याकडे बघितलं आणि पुढचे शब्द विसरली. शहाजीरावांना तिची कीव आली, पण दया दाखवायची नाही असा हुकूम होता. त्यांनी काउंटरवर थाप मारली. तेवढ्यात तो मिशीवाला पुन्हा आत आला आणि सरळ पडद्याकडे निघाला. सिक्युरिटीवाला याही वेळी बाजूला झाला. तरुणाने पडदा सरकवला, खाटेकडे पाहिलं, डोक्यापर्यंत ओढलेल्या चादरीखालून बाहेर आलेल्या पावलावर हात ठेवला, आणि तसाच मागे फिरला.

"पाय गार पडल्यात," तो म्हणाला. "आण्णा गेलं. आनि ही लोकं ट्राय करतो म्हनत्यात."

राजेश्वरी मॅडमनी भिंतीपासून शहाजीरावांना अंगठा दाखवला. त्यांना वाटलं, हा दुसरा माणूस काकांनी आणलाय. काय तयारी केलीय काकांनी. शहाजीरावांना तो अंगठा त्या तरुणासाठी असल्यासारखा वाटला आणि त्यांचा स्वाभिमान पेटला. आपल्या भावाच्या मरणावर परका माणूस रडतोय आणि आपण कोरडे उभे आहोत, हे कसं दिसतं. त्यांनी जोरात टाहो फोडला. "आण्णा."

टाहो चांगला झाला होता. ते पुढचा फोडायच्या तयारीत असताना तरुणाचं फोनवरचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं.

"विजयमाला वहिनीस्नी एवढ्यात सांगू नका. आधी डेअरीवर सांगा, मग सरपंचाला. धाकटा भाऊ हितं हाय. व्हय, तोच, जत्रंला येत न्हाई तो."

शहाजीरावांचा पुढचा टाहो राहूनच गेला. विजयमाला हे वहिनींचं नाव त्यांनी काउंटरवर सांगितलं नव्हतं. जत्रेचं तर मुळीच नाही.

"तुम्ही कोण?" त्यांनी विचारलं.

"मी यशराज. शेडग्यांचा." तरुणाने डोळे पुसले. "एपीएमसीत कांदा-बटाट्याला हाय. आण्णांनीच चिकटवलं मला हितं. आमच्या गावचं निम्मं मार्केट आण्णांनीच भरलंय की. तुमास्नी कसं माहीत असनार."

शहाजीरावांनी राजेश्वरी मॅडमकडे पाहिलं आणि दोन्ही हात हलवले. मॅडमनी पुन्हा अंगठा दाखवला.

त्यानंतर जे झालं ते फार वेगाने झालं. 'छातीत' हा एक शब्द यशराजच्या फोनमधून कांद्याच्या गाळ्यात पोचला तेव्हा त्याचा ॲटॅक झाला होता. बटाट्याकडे जाईपर्यंत तो व्हेंटिलेटर झाला, आणि लसणाच्या लिलावात आण्णांच्या आत्म्याला शांती मिळाली. कुणीतरी त्यांचा फेटा बांधलेला फोटो स्टेटसला ठेवला. मार्केट तुर्भ्याला, आणि तिथून नेरुळ काही लांब नाही. हॉस्पिटलच्या दारात एक टेम्पो येऊन थांबला आणि त्यातून गावची माणसं उतरू लागली. कुणाच्या अंगावर कांद्याच्या साली, कुणाच्या डोक्याला अजून पोत्याची खोळ. कुणी रक्त द्यायला आलं होतं, कुणी खांदा द्यायला, आणि दोन-तीन जण डॉक्टरला बघून घ्यायला.

शहाजीराव पुढे झाले. त्यांनी मॅडमचा हात वर होण्याची वाट बघितली नाही.

"ऐका," ते म्हणाले. "हे सगळं नाटक आहे. आण्णांना काही झालेलं नाही. आत जे आहे ते रबराचं आहे."

गर्दी शांत झाली. मग एक म्हातारा हमाल पुढे आला आणि त्याने शहाजीरावांना अलगद खुर्चीत बसवलं.

"धक्का बसलाय," तो इतरांना म्हणाला. "असं व्हतं. आमच्या मेव्हन्याला पन असंच झालं व्हतं, तो बी म्हनत व्हता काय झालंच न्हाई. पानी आना."

"अहो, मी खरं सांगतोय."

"व्हय, व्हय. खरंच हाय तुमचं. पानी प्या."

कुणीतरी त्यांच्या डोक्यावर पाणी शिंपडलं. कुणीतरी नाकाशी कांदा धरला. आयुष्यभर आपलं बोलणं लोकांना पटतं अशी शहाजीरावांची समजूत होती, आणि एकुलत्या एका शुद्ध सत्याच्या वेळी त्यांना कांदा हुंगवला जात होता. एवढ्यात प्रीतम म्हात्रे आले. त्यांना मुक्ताताईंनी घरी ठेवायला लावलेला चष्मा देऊन पाठवलं होतं. गर्दी बघून त्यांना वाटलं की कार्यक्रम रंगात आलाय, आणि ते लगेच सिक्युरिटीवाल्याशी भांडू लागले. नवा सिक्युरिटीवाला आता मात्र बाजूला होईना, कारण मागे जागाच उरली नव्हती.

आणि शहाजीरावांच्या खिशातला फोन वाजला. स्क्रीनवर आण्णांचं नाव होतं. यशराजने ते वाचलं आणि तो दोन पावलं मागे सरकला.

"शहाजी," फोनमधून आण्णांचा जाड आवाज आला, "मी मेलोय म्हनं. तुला काय माहीत हाय का? दाढी करायला बसलो व्हतो, तर न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला आनि रडायला लागला."

शहाजीरावांनी काही बोलायच्या आत फोन हातातून खाली पडला, खुर्चीखाली गेला, आणि तो शोधायला वाकलेल्या माणसांची एकमेकांवर डोकी आपटली. मागच्यांना दिसलं नाही, ऐकू आलं नाही. त्यांना वाटलं पुढे मारामारी जुंपली. रेटा आला. काच थरथरली. राजेश्वरी मॅडमनी आता हात वर केला होता आणि तो कुणीच पाहत नव्हतं.

तेव्हा डॉक्टर अबोली काउंटरमागून बाहेर आली. तिने एक प्लॅस्टिकची खुर्ची ओढली, यशराजच्या समोर ठेवली, आणि बसली. एवढी लहानखुरी मुलगी गर्दीच्या मधोमध खाली बसल्यावर पुढची माणसं आपोआप थांबली, नाहीतर ती तुडवली गेली असती.

"तुमचं नाव काय?" तिने विचारलं.

"यशराज."

"यशराज, तुम्हाला इथे काय झालंय असं वाटतंय, ते मला सांगा."

"आण्णा गेलं," तो म्हणाला. "मी पाय धरून बगितलं."

"आण्णा तुमचे कोण?"

यशराज बोलू लागला. आण्णांनी बापाला कसं समजावलं, मार्केटात पहिल्या दिवशी कसे स्वतः सोडायला आले, पोराच्या बारशाला नाव कुणी ठेवलं. अबोली ऐकत राहिली. तिने मध्ये एकही शब्द टाकला नाही. शहाजीरावही ऐकत होते. यातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं.

तो थांबल्यावर ती म्हणाली, "आता मी सांगते. आण्णा गेलेले नाहीत. ते इथे आलेच नव्हते. पडद्यामागे सरावासाठीचा रबराचा पुतळा आहे. तुमच्यासारख्या घाबरलेल्या माणसांशी नीट कसं बोलायचं, ते आम्हाला येत नाही. ते आम्ही शिकत होतो. त्यात तुम्ही सापडलात. चूक आमची आहे. तुम्हाला फार सोसावं लागलं, त्याची मी माफी मागते."

ती एवढं बोलून गप्प बसली. यशराज उठला, पडद्याआड गेला, पुतळ्याच्या छातीवर बोटांनी टकटक केलं, आणि बाहेर आला.

"पोकळ हाय," त्याने सगळ्यांना सांगितलं.

माणसांना काय करावं ते कळेना. मेलेला माणूस जिवंत झाला की काय करायचं याची गावात काही रीत नव्हती. काहींना आनंद झाला, काहींना राग आला, आणि बरेच जण शहाजीरावांकडे अशा नजरेने बघू लागले की त्यांनी प्रीतमने आणलेला चष्मा खिशातच राहू दिला. शेवटी तो म्हातारा हमाल म्हणाला, "आता रगत द्यायला आलोय तर घ्या तरी. रिकामं परत जानं बरं न्हाई दिसत." आणि रक्तपेढीपुढे रांग लागली.

खुर्चीखालचा फोन सापडला तेव्हा तो अजून चालूच होता. यशराजने तो स्पीकरवर टाकला.

"कोन कोन आलंय?" आण्णांनी विचारलं.

नावं सांगितली गेली. आण्णा प्रत्येक नावाला हुंकार भरत होते. "सखूचा थोरला आला न्हाई व्हय?" त्यांनी मध्येच विचारलं. आला नव्हता. "असू दे," आण्णा म्हणाले, पण ते असू देणार नाहीत हे सगळ्यांना कळलं. मग ते म्हणाले, "शहाजी, स्पीकर बंद कर. आनि जरा बाजूला जा."

शहाजीराव जिन्यापाशी गेले.

"ती पोरगी बोलत व्हती, मी ऐकलं सगळं," आण्णा म्हणाले. आवाज खाली आला होता. "नीट बोलती. तिला एक इचार. डेअरीचा चढ चढताना छातीवर कुनी गुडघा ठेवल्यागत व्हतं. थांबलं की जातंय. काल रानात बसूनच व्हतं, तरी झालं. हे काय असतं म्हनावं."

शहाजीरावांनी फोन कानाशी घट्ट धरला. "वहिनीला सांगितलंत?"

"कुनाला सांगायचं? बोलायला बसलं की लोकं पाऊसच इचारत्यात."

शहाजीरावांनी फोन अबोलीला दिला. तिने उभ्या उभ्या बोलणं टाळलं, जिन्याच्या पायरीवर बसली, प्रश्न विचारले, आणि स्पष्ट सांगितलं: आज, आत्ता, साताऱ्याला जाऊन ईसीजी काढा. स्वतः गाडी चालवू नका. घरात सांगा.

घरात सांगणं हेच अवघड निघालं. "पुरे झालं दोघा भावांचं," विजयमाला वहिनी म्हणाल्या. "दुपारपास्नं रडून माझं डोळं सुजल्यात. आता मला काय नवीन सांगू नका." अबोलीने त्यांच्याशीही बोलून बघितलं, तर त्या म्हणाल्या, "तू पन त्यांच्याच नाटकातली का गं, बाळ?" शेवटी न्हाव्याने जीप काढली. तो एकटाच असा होता की जो आण्णांबद्दल काहीही मानायला तयार होता.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी बघून आण्णांना तिथेच झोपवलं, तेव्हा कुठे वहिनी धावत आल्या. आण्णा जरा स्थिरावल्यावर वहिनींनीच त्यांना नवी मुंबईला हलवायला सांगितलं, आणि आण्णा आले ते त्याच हॉस्पिटलात, त्याच दारातून. सिक्युरिटीवाल्याने नाव वाचलं आणि तो स्ट्रेचरच्या चारी बाजूंनी फिरून खात्री करून आला.

अँजिओप्लास्टी चालू असताना शहाजीराव बाहेर येरझाऱ्या घालत होते. भांडायला कारण होतं, हॉस्पिटल होतं, भाऊ आत होता. तोंडातून एक शब्द निघत नव्हता. अबोली खास वर आली. तिला आता कॅज्युअल्टीतच ठेवणार होते, निदान पुढची तक्रार येईपर्यंत. ती त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि त्यांनी बसावं म्हणून वाट बघत राहिली. ते बसले.

"एक नस बंद होती," ती म्हणाली. "उघडली. आण्णा शुद्धीवर आहेत, बोलताहेत."

शहाजीराव रडले. सराव केलेलं रडणं वेगळं होतं, त्याला आवाज होता. हे नुसतं चष्म्याखालून वाहत राहिलं. अबोलीने घड्याळाकडे बघितलं नाही. बघावंसं तिला वाटत होतं, कारण खाली कॅज्युअल्टी भरली होती, पण ती बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आण्णा उशीला टेकून बसले. वहिनी आणि मुक्ताताई खाली चहाला गेल्या होत्या.

"कोन कोन आलंय?" त्यांनी विचारलं.

शहाजीराव चाचरले. काल संध्याकाळपासून ते फोनच करत होते. कांद्यात केला, बटाट्यात केला. सगळ्यांनी अगदी आदराने ऐकून घेतलं होतं आणि म्हणाले होते, "व्हय का, असू दे, असू दे." एकाने तर पुतळ्याला आमचा नमस्कार सांगा म्हटलं होतं.

"मी आहे," ते म्हणाले.

"खोट्याच्या टायमाला टेम्पो भरून आला, आनि खऱ्याच्या टायमाला तू एकटा." आण्णांना ते चांगलंच लागलं होतं. "फोन दे हिकडं. यशराजला लाव."

यशराजने फोन उचलला.

"यशा, मी बाबासो बोलतोय. दवाखान्यात हाय. खरा."

मग यशराज हसला. "शहाजीराव, मानलं तुमास्नी. आवाज अगदी आण्णांचा काढताय. पन आता आमी फसनार न्हाई." आणि फोन बंद झाला.

आण्णा बराच वेळ फोनकडे बघत राहिले. मग त्यांच्या पोटातून हसू आलं, आणि हसताना छातीवर हात ठेवावा लागला. शहाजीरावही हसले. हसून झाल्यावर खोलीत शांतता पसरली. दिवाळीच्या फोनमध्ये पावसाचा विषय संपल्यावर पसरायची तशीच.

"बोल की," आण्णा म्हणाले. "तुझं काय चाललंय?"

शहाजीरावांनी लिफ्टच्या पंख्यापासून सुरुवात केली. सभा सांगितली, चेअरमन सांगितला, निवृत्तीनंतर दुपारी घर कसं खायला उठतं ते सांगितलं, जत्रेला पहिल्या वर्षी का जमलं नाही आणि नंतर कशी लाज वाटत गेली ते सांगितलं. सांगता सांगता त्यांनी वर पाहिलं तर आण्णांचे डोळे मिटले होते, श्वास संथ चालला होता, आणि छातीवरची वायर हळूहळू वरखाली होत होती. शहाजीराव थांबले नाहीत. आवाज तेवढा खाली आणला आणि खुर्ची पलंगाजवळ ओढली.

औषध द्यायला आलेली सिस्टर दारात थबकली.

"काका, पेशंट झोपलेत," ती म्हणाली. "तुम्ही कुणाशी बोलताय?"

"भावाशी," शहाजीराव म्हणाले, आणि पुढचं सांगू लागले.